दारूकोठारात आक्का काय बोलल्या

मैत्रिणींनो, मी कड्याहून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून गावोगाव फिरते, म्हणून तुमच्यातल्या पुष्कळ जणी मला ओळखतात. दर वेळी मी कर्जफेड, व्याज आणि वहीखातं यावर बोलते. आज वेगळं बोलणार आहे. आज तुम्हाला एका पडक्या कोठारात नेते आणि तिथून आपल्याच विहिरीच्या काठावर परत आणते. वीस मिनिटं कामं करता करता ऐका.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गटाची सहल निघाली. दरवर्षी देवदर्शनाला जातो. या वेळी पोरींनी हट्ट धरला की किल्ला बघायचा. मग परांड्याचा भुईकोट ठरला. धाराशिव जिल्ह्यात आहे, कड्याहून आष्टी, जामखेड, खर्डा असं करत जाता येतं. खर्डा लागलं तेव्हा मी पोरींना सांगितलं, इथं 11 मार्च 1795 ला मराठ्यांची आणि निजामाची मोठी लढाई झाली. गाडीतल्या बाया म्हणाल्या, "ताई, लढाईचं राहू द्या, भाकरी कुठं सोडायची ते सांगा."

आमच्यासोबत आक्का होत्या. सत्तरीच्या पुढच्या. गटात सगळ्यात म्हाताऱ्या, पण हप्ता कधी चुकवला नाही. गुडघे दुखतात म्हणून त्या गाडीतच बसतील असं वाटलं होतं. त्या सगळ्यांच्या आधी खाली उतरल्या.

परांड्याचा किल्ला सपाटीवर आहे. भोवती खंदक, आत तटाच्या आत तट, आणि बुरुजांवर भल्या मोठ्या तोफा. आत गेलं की मशीद आहे, हमामखाना आहे. आणि एक दारूगोळ्याचं कोठार आहे. दारूचं कोठार म्हटल्यावर आमच्यातली एक जण म्हणाली, "एवढी दारू! तरी बरं, तेव्हा आपला गट नव्हता, नाही तर मोर्चाच नेला असता." सगळ्या हसल्या. मग मी सांगितलं की ही तोफेची दारू. प्यायची नाही, पेटायची.

आत गेलो तर गारवा. भिंती जाड, उजेड बेताचा. तोफेचे गोळे ठेवलेले. पोरींनी मोबाइल काढून फोटो घेतले. आपण एरवी किल्ल्यात जातो ते राजाचं, राणीचं, सिंहासनाचं बघायला. या कोठारात तसं काही नाही. इथं सामान असायचं आणि सामान उचलणारी माणसं असायची. तोफेला दारू लागायची आणि ती दारू कुणीतरी आधी तयार करायचं. ते काम कसं चालायचं ते थोडं सांगते, कारण त्यातल्या तिन्ही वस्तू आपल्या घराजवळच्या आहेत.

तोफेच्या दारूत तीन जिन्नस. सोरा, गंधक आणि लोणारी कोळसा. शंभर भागांत साधारण 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा, 10 भाग गंधक. सोरा कुठून यायचा? गोठ्याच्या जुन्या मातीच्या भिंतीला लोणा येतो बघा, पांढरा, मिठासारखा. जिथं जनावरांचं मूत मुरतं तिथली माती खरवडायची, पाण्यात भिजवायची, पाणी गाळायचं, उकळायचं आणि गार होऊ द्यायचं. मग तळाला खडे जमतात, तो सोरा. कोळसा हलक्या लाकडाचा लागतो. आपल्या देशात त्यासाठी तुरीच्या तुराट्या जाळायचे. म्हणजे ज्या तुराट्या आपण चुलीला लावतो त्याच. हे तिन्ही कुटून एकजीव करायचे आणि कुटताना ओलसर ठेवायचे. कोरडं कुटलं आणि कुठं ठिणगी पडली, की कुटणारा गेला. म्हणून लोखंडाचं हत्यार टाळायचं, लाकडाचं नाही तर तांब्याचं घ्यायचं. माती खरवडायची, पाणी तापवायचं, कुटायचं, चाळायचं. मैत्रिणींनो, ही कामं कुणाच्या हातची वाटतात तुम्हाला?

पण लिहून काय राहिलं? विजापूरला मलिक-ए-मैदान म्हणून मोठी तोफ आहे. ती आपल्या नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, 1549 साली ओतली. पुढं ती याच परांड्याच्या किल्ल्यात होती आणि 1632 साली विजापूरला नेली. वजन सुमारे 55 टन. ओतणाऱ्याचं नाव तोफेवर कोरलंय, महंमद बिन हसन रूमी. ती ओढून न्यायला चारशे बैल लागले असं सांगतात. बैलांचा आकडा लोकांच्या तोंडी राहिला. तिच्यासाठी सोरा खरवडणाऱ्या, दारू कुटणाऱ्या माणसांतलं एकही नाव राहिलं नाही.

कोठाराच्या भिंती इतक्या जाड कशाला, असं एका पोरीनं विचारलं. मी तिला रायगडाचं सांगितलं. मे 1818 मध्ये इंग्रजांनी रायगडाला वेढा घातला आणि समोरच्या डोंगरावरून तोफा डागल्या. एक गोळा दारूकोठारावर पडला. कोठार उडालं, आग पसरली, वाडे जळाले. 10 मे ला गड पडला. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नी वाराणसीबाई त्या वेळी गडावर होत्या, हे इतिहासात लिहिलेलं आहे. रायगडावर आजही त्या कोठाराचे अवशेष दाखवतात. त्या दिवशी कोठारात कोण कामाला होतं, ते मात्र कुणी दाखवत नाही.

मी हे बोलत होते आणि आक्का भिंतीला हात लावून उभ्या होत्या. बराच वेळ. मला वाटलं दमल्या. मी म्हटलं, "आक्का, बसता का?" त्या म्हणाल्या, "हितं बार उडाला तर भाईर कुणाला लागू नये, म्हणून भिंत जाड केलीय. आतल्याचं काय?"

मग तिथंच, उंबऱ्याजवळच्या दगडावर बसून, त्यांनी आम्हाला त्यांच्या थोरल्या बहिणीचं सांगितलं. आम्ही वीस वर्षं एका गटात आहोत. हे मी पहिल्यांदा ऐकलं.

बहात्तरचा दुष्काळ सरून पाच-सहा वर्षं झाली होती. गावोगाव विहिरी खोल करायचं काम निघालं होतं. आपल्याकडचा खडक काळा पाषाण, कुदळीला दाद देत नाही. एकानं छन्नी धरायची, दुसऱ्यानं घण घालायचा, हातभर भोक पाडायचं, त्यात दारू ठासायची आणि वात लावायची. मग "सुरुंग, सुरुंग" असं ओरडत सगळ्यांनी बांधामागं पळायचं. बार उडाले की बायांनी खाली उतरायचं आणि फुटलेला दगड पाटीत भरून वर द्यायचा. आक्का आणि त्यांची बहीण, दोघी एकाच विहिरीवर होत्या. काम गुत्त्यावर होतं आणि मजुरी जोडीवर. म्हणजे नवरा-बायको मिळून एक.

त्या दिवशी सात भोकं भरली होती. आक्कांनी सहाच आवाज मोजले. त्या तसं म्हणाल्यासुद्धा. पण दिवस मावळायला आला होता, गुत्तेदाराला घाई होती. तो म्हणाला, "दोन बार एकदम उडाले असतील, तुला काय मोजता येतंय?" बहीण आधी उतरली. पहार लागली आणि सातवा बार तिच्या तोंडावर उडाला.

ती वाचली, पण डोळे गेले. दोन्ही. त्यानंतर ती बत्तीस वर्षं जगली. भाकरी चाचपून थापायची, विहिरीवर मात्र कधी गेली नाही. भरपाई मागायला माणसं गेली तेव्हा गुत्तेदारानं वही काढून दाखवली. वहीत तिच्या नवऱ्याचं नाव होतं. तिचं नव्हतं. तो म्हणाला, "ही बाई माझ्या कामावर नव्हतीच." आणि वही बघितली तर ते खरंच होतं.

कोठारात कुणी बोललं नाही. पोरींनी मोबाइल खाली केले. मलाही काही सुचेना.

घरी आल्यावर माझ्या मुलीनं मोबाइलवर शोधून मला एक गोष्ट वाचून दाखवली. परदेशातली आहे, पण तुम्हाला सांगण्यासारखी. पहिल्या महायुद्धात, 1915-16 साली, इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सरहद्दीवर ग्रेटना नावाच्या गावाजवळ तोफगोळ्यांसाठी लागणाऱ्या दारूचा एक कारखाना उभा राहिला. जवळपास 14 किलोमीटर लांब. म्हणजे कड्यापासून आष्टीकडं चालत निघावं आणि कारखाना संपू नये. पुरुष लढाईवर गेलेले, म्हणून कामाला सुमारे 12 हजार बाया आणि मुली. मोठ्या भांड्यांत स्फोटकाचा लगदा त्या हातानं कालवायच्या, आपण कणीक मळतो तसा. आर्थर कॉनन डॉयल नावाचे लेखक तो कारखाना बघायला गेले आणि त्या लगद्याला त्यांनी सैतानाची लापशी म्हटलं. आत जाताना झडती व्हायची. केसातला आकडा, धातूचं बटण, काडेपेटी, काही चालायचं नाही, कारण त्यातून ठिणगी पडू शकते.

युद्ध संपलं, कारखाना बंद झाला, मोडून विकला. पण तिथल्या लोकांनी त्या जागी संग्रहालय केलंय आणि त्याला त्या लापशीचंच नाव दिलंय. तिथं काम केलेल्या बायांचे फोटो लावलेत, त्यांच्या आठवणी जपल्यात. शंभर वर्षांनीही त्यांची नातवंडं-पतवंडं तिथं जाऊन आपल्या आजीचं नाव शोधतात. मुलीनं विचारलं, "आई, आक्कांच्या बहिणीचं नाव कुठं शोधायचं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आता कुणी म्हणेल, ताई, हे जुनं झालं. तोफा गेल्या, घण-छन्नी गेली. आता ट्रॅक्टरवर कंप्रेसर येतो, जिलेटिन येतं, यारी दगड वर काढते. खरं आहे. पण स्फोटकाजवळ बाया आजही आहेत.

8 डिसेंबर 2023 ची गोष्ट. पिंपरी-चिंचवडमध्ये तळवडे इथं एका शेडमध्ये आग लागली. तिथं काय बनत होतं माहीत आहे? वाढदिवसाच्या केकवर लावतो ती ठिणग्या उडवणारी मेणबत्ती. आता आपल्या खेड्यातही ती मिळते, लेकराच्या वाढदिवसाला आपणही लावतो. त्या आगीत गेलेल्यांत बहुतेक बायाच होत्या. त्यानंतर नऊच दिवसांनी, 17 डिसेंबरला, नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट झाला. 9 माणसं गेली, त्यात 6 बाया. खाणीतला कोळसा फोडायला लागणारा माल त्या भरत होत्या. आणि आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तेरखेड्याचे फटाके सगळ्यांना माहीत आहेत. दिवाळीआधी तिथल्या कितीतरी घरांची चूल त्या कामावर चालते. ते काम करू नका असं मी म्हणणार नाही. ज्या घरात दुसरी कमाई नाही, त्या घराला असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. पण काम करायचं तर चार गोष्टी माहीत करून घ्या. वहीचं पान काढा, हवं तर लिहून घ्या.

पहिली गोष्ट विहिरीची. बार उडवायचा परवाना असलेल्या माणसानंच बार उडवायचा. आपल्या देशात स्फोटकांचा कायदा 1884 पासून आहे. त्याचे आजचे नियम 2008 चे आहेत आणि त्यावर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयाचं मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपूरला आहे. अठरा वर्षांखालच्या पोराला या कामाला लावता येत नाही. प्यालेल्या माणसाला लावता येत नाही. विहीर तुमची असली तर ब्लास्टिंगवाल्याला परवाना दाखव म्हणा. त्यात लाजायचं काही नाही. कर्ज देताना आपण कागद बघतोच ना?

दुसरी गोष्ट मोजण्याची. किती भोकं भरली ते काम सुरू असताना विचारा आणि आवाज मोजा. आता वायरनं एकदम बार उडवतात तेव्हा मोजून कळत नाही, म्हणून बार उडवणाऱ्यानं स्वतः आधी उतरून सगळी भोकं तपासायची. तो वर येऊन "उतरा" म्हणेपर्यंत एकीनंही पाय खाली टाकायचा नाही. दिवस मावळला असला तर उद्या उतरायचं. एक दिवसाची मजुरी बुडाली तर गटातून उसनी मिळेल. डोळे उसने मिळत नाहीत.

तिसरी गोष्ट पडक्या जागांची. आणि ही लेकरांसाठी फार महत्त्वाची आहे. बंद पडलेली खडी क्रशरची खाण, अर्धवट सोडलेली विहीर, रस्त्याच्या किंवा रेल्वेच्या कामासाठी खडक फोडलेली जागा, फटाक्यांची बंद शेड, या जागा मोकळ्या दिसतात. तिथं शेळ्या चरतात, पोरं खेळतात. पण न उडालेली कांडी, वायर लावलेली चकाकणारी छोटी नळी, म्हणजे जिला आपल्याकडं टोपी किंवा केप म्हणतात ती, तिथं पडलेली असू शकते. ती नळी बोटाएवढी असते, पण हाताचा पंजा उडवायला तेवढी पुरते. पोरांना ती पेनाच्या टोपणासारखी वाटते. भंगारवाल्याला द्यायला म्हणून उचलतात, दगडानं ठेचून बघतात. म्हणून घरी शिकवा. हात लावायचा नाही, लाथ मारायची नाही, खिशात घालायची नाही, पाणी ओतायचं नाही. होतं तिथं राहू द्यायचं, पोरांना आणि जनावरांना लांब न्यायचं, आणि लांब आल्यावरच फोन करायचा. पोलीस पाटलांना सांगा नाही तर 112 लावा. कुणाला लागलं असलं तर 108. आणि परांड्यासारखा किल्ला बघायला जाल तेव्हा तिथंही बंद दारं, अंधाऱ्या खोल्या, तटाचे पडके कोपरे यांपासून लेकरं लांब ठेवा. सरकारनं सांभाळलेली जागा असली तरी जुनी भिंत ती जुनीच.

चौथी गोष्ट नावाची. याच्यासाठी मी आज बोलायला बसले.

आपल्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला कोयता म्हणतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. उचल एकाच्या नावावर, हिशोब एकाच्या नावावर. विहिरीवर तेच, वीटभट्टीवर तेच. घाम दोघांचा आणि वहीत नाव एकाचं. कामावर अपघात झाला तर मालकानं भरपाई द्यायची, हा हक्क आपल्या देशात 1923 सालच्या कायद्यापासून आहे. म्हणजे आक्कांची बहीण विहिरीत उतरली तेव्हाही तो होता. पण हक्क मागायला आधी दाखवावं लागतं की मी कामावर होते. म्हणून मुकादमाच्या वहीत तुमचं स्वतःचं नाव लिहायला लावा. मजुरी स्वतःच्या बँक खात्यावर मागा. ते होत नसेल तर निदान कामाच्या जागेवर दोघी-चौघींचा एकत्र फोटो काढून ठेवा, तारीख मोबाइलमध्ये आपोआप राहते. आणि अपघात झालाच तर त्याच दिवशी दवाखान्याचा कागद आणि पोलिसांची नोंद करून घ्या. "मिटवून घेऊ, पाच हजार घ्या" असं म्हणणारा लगेच भेटतो. अंगठा देण्याआधी गटातल्या कुणाला तरी बोलवा.

परांड्याहून आल्यावर आमच्या गटानं एक गोष्ट केली. खर्च शून्य रुपये, तुम्हीही करू शकाल. आमची बैठकीच्या इतिवृत्ताची वही आहे ना, ती उलटी करून मागच्या बाजूनं नवं पान सुरू केलं. त्यात चार रकाने पाडले. बाईचं नाव, कामाची जागा, कुणाच्या हाताखाली, आणि किती तारखेपासून. दर बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं तेच काम. कोण कुठं कामाला जातेय ते वाचायचं, नवं असेल ते लिहायचं, खाली सगळ्यांच्या सह्या. कोर्टात ही वही किती चालेल ते वकील सांगतील. पण "ही बाई माझ्या कामावर नव्हतीच" असं कुणी म्हणालं, तर बारा बायांच्या सह्या समोर ठेवता येतील.

पहिल्या दिवशी पान पाडलं आणि मी पेन घेऊन विचारलं, कुणापासून सुरू करू? मला वाटलं, सध्या विहिरीच्या कामावर दोघी जातात, त्यांची नावं आधी येतील. आक्का म्हणाल्या, "माझ्या बहिणीचं लिही."

मी म्हटलं, "आक्का, त्या आता नाहीत."

"ठावं हाय मला. लिही."

मी लिहिलं. नाव लिहिलं. कामाची जागा, विहीर. कुणाच्या हाताखाली, ते आक्कांनी सांगितलं. तारीख त्यांना आठवेना. खूप आठवून बघितलं. मग म्हणाल्या, "पोळा झाला व्हता आणि बाजरी निसवली व्हती, असं लिही." तसंच लिहिलं. आक्कांना सही येत नाही, त्यांनी अंगठा दिला. बाकी आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या.

पुढच्या बैठकीला तुमच्या गटातही असं पान सुरू करा. आणि पहिलं नाव कुणाचं लिहायचं, ते तुमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा.

चला, मला आता धानोऱ्याच्या गटाची बैठक आहे. येते. रामराम.